आई-वडिलांच्या घरी राहून पुण्यात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताना : कोणते काम आधी, कोणते नंतर

आई-वडिलांच्या घरी राहणारे, नोकरीत थोडेफार स्थिरावलेले तरुण-तरुणी भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घ्यायला निघतात, तेव्हा कामांचा क्रम बहुतेक वेळा उलटा लागतो. रविवारी साइट पाहिली जाते, ‘आजच बुक केलेत तर पार्किंग मोफत’ या बोलण्यावर विसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिला जातो, मग बँकेत चौकशी होते, त्यानंतर घरी सांगितले जाते आणि कागदपत्रे वकिलाकडे जातात ती सर्वांत शेवटी. एकदा विसार हातचा गेला की पुढे दिसणारी प्रत्येक अडचण माणूस लहान करून पाहू लागतो, कारण मागे फिरायचे तर पैसे बुडतात. म्हणून खाली दिलेल्या टप्प्यांत विसार सहाव्या क्रमांकावर आहे आणि तो त्याआधी आणू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

दिलेले दर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीतील निवासी सदनिकांसाठी आहेत. सरकारी दर अर्थसंकल्पानुसार बदलतात, त्यामुळे दस्तनोंदणीच्या आठवड्यात ते पुन्हा पडताळावेत.

टप्पा १ : घरातले बोलणे

पहिला प्रश्न नावाचा आहे. बँकेच्या दृष्टीने सहकर्जदार आणि सहमालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहमालकाला बँका साधारणपणे सहकर्जदार करून घेतात. मात्र सहकर्जदार झालेला प्रत्येक जण मालक होतोच असे नाही. वडिलांचे उत्पन्न जोडून जास्त कर्ज मिळते हे खरे, पण ते तीन-चार वर्षांत निवृत्त होणार असतील तर बँक त्यांचे उत्पन्न तितक्याच काळापुरते धरते, आणि हप्ता थकला तर त्यांचाही सिबिल स्कोअर घसरतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील माणसाला वीस वर्षांच्या कर्जात बांधण्यापूर्वी ही गोष्ट त्यांच्यासमोर स्पष्ट शब्दांत मांडली गेली पाहिजे. मुलासाठी आई-वडील नाही म्हणत नाहीत, म्हणूनच हे बोलण्याची जबाबदारी मुलाची आहे.

पैसे स्वतःचे आणि फ्लॅट एकट्या वडिलांच्या किंवा आईच्या नावावर, हा प्रकार टाळावा. बेनामी व्यवहारांच्या कायद्यात पती-पत्नी आणि अपत्य यांच्या नावे घेतलेल्या मालमत्तेला ज्ञात उत्पन्नाच्या अटीवर सूट आहे. आई-वडिलांच्या बाबतीत मात्र दस्तात पैसे देणाऱ्याचेही नाव सहमालक म्हणून असावे लागते.

मुलगी घर घेत असेल तर नावांचा विचार आणखी बारकाईने करावा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के होतात. सर्व खरेदीदार महिला असतील तर १ टक्का सवलत मिळते. ५५ लाखांच्या फ्लॅटवर ही रक्कम ५५ हजार रुपये होते. मुलगी आणि आई अशी नावे घातली तर सवलत राहते, मुलगी आणि वडील अशी घातली तर जाते. वडिलांचे उत्पन्न कर्जासाठी लागतच असेल, तर त्यांना मालकीत न घेता केवळ सहकर्जदार करता येईल का, हे बँकेला आधी विचारावे.

दुसरा प्रश्न पैशांचा आहे. आई-वडिलांनी दिलेली रक्कम भेट असेल तर त्यावर घेणाऱ्याला प्राप्तिकर लागत नाही. परंतु ती बँक खात्यातूनच यावी आणि ‘ही भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही’ असे पत्र सहीनिशी करून ठेवावे. उसनवारी असेल तर तसे लिहावे. भाऊ-बहीण असतील तर त्यांच्यासमोरच हे ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. एका अपत्याला दिलेले दहा लाख वडिलांच्या माघारी वाटणीचा मुद्दा होतात आणि तेव्हा खरे काय ठरले होते, हे सांगणारे कोणी उरलेले नसते.

*तपासणी : मालकीतील प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत, प्रत्येकाने घातलेली रक्कम आणि ती भेट की उसनी, हे एका कागदावर लिहून घरातील सर्वांनी वाचले आहे का? फ्लॅट घेतल्यावरही तुम्ही घरखर्चाला देत असलेली रक्कम तशीच राहणार आहे का?*

टप्पा २ : स्वतः भाडे देत आहोत असे समजून हिशेब

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. ‘राहण्याचा खर्च नाही, म्हणून हप्ता परवडतो’ या वाक्यावर संपूर्ण खरेदी उभी केली जाते. पण तो खर्च फक्त आज नाही. लग्न, बंगळुरूला बदली, घरातील आजारपण किंवा भावाच्या लग्नानंतर जागेची अडचण, यांपैकी एक गोष्ट वीस वर्षांत घडणारच. त्या दिवसापासून स्वतःचे भाडेही द्यावे लागेल आणि हप्ताही.

समजा, आंबेगाव किंवा वाघोलीच्या बाजूला ५५ लाखांचा जुना, म्हणजे रिसेलचा फ्लॅट पाहिला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च धरले जात नाहीत. म्हणजे कर्ज ४४ लाख आणि पदरचे ११ लाख. त्याशिवाय ५५ लाखांवर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून ३ लाख ८५ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. दलाली, वकील, बँकेचे शुल्क, सोसायटीची हस्तांतरण फी आणि रंगरंगोटी धरली की साधारण १७ लाख रुपये हातात असावे लागतात. ११ लाख जमले म्हणून खरेदीला निघणारे इथेच अडकतात आणि उरलेल्या रकमेसाठी पर्सनल लोन काढतात. ते काढावे लागत असेल तर खरेदी पुढे ढकलावी.

आता दरमहाचा हिशेब. ४४ लाखांचा वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३८,२०० रुपये होतो. भाडे १८ हजार धरू. वर्षातून एक महिना फ्लॅट रिकामा राहतो असे मानून अकरा महिन्यांचे १ लाख ९८ हजार मिळतात. त्यातून मेंटेनन्सचे ३६ हजार, भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सुमारे साडेतीन हजार, मालमत्ता कर १४ हजार आणि दुरुस्ती व दलाली मिळून १२ हजार वजा केले की उरतात सुमारे १ लाख ३२ हजार, म्हणजे महिन्याला ११ हजार. हप्ता ३८ हजारांचा. दरमहा २७ हजार पगारातून भरायचे आहेत.

‘भाड्यात हप्ता सुटतो’ हे वाक्य जो कोणी सांगेल, त्याच्यासमोर हा हिशेब त्याच्या आकड्यांनिशी मांडावा. मी तरी सल्ला असा देईन की ही तूट हातात येणाऱ्या पगाराच्या पाव भागापेक्षा जास्त असेल, किंवा तूट आणि वीस हजार रुपये स्वतःचे भाडे असे दोन्ही धरल्यावर महिना निभत नसेल, तर सध्या घेऊ नये.

मालमत्ता कराबद्दल पुण्यात हमखास चूक होते. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. विकणारा स्वतः राहत असेल तर त्याची पावती सवलतीची असते. ती पाहून कराचा आकडा धरू नये, कारण भाड्याने दिलेल्या घराला ही सवलत नाही.

प्राप्तिकराच्या बाबतीतही जुन्या ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. मात्र नवीन करप्रणालीत या व्याजामुळे होणारा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला २ लाखांपर्यंत वजा होतो. ‘कर वाचतो’ म्हणून घर घेणाऱ्याने आपण कोणत्या प्रणालीत आहोत, एवढे आधी पाहावे.

*तपासणी : खरेदीपूर्वी सहा महिने ती २७ हजारांची तूट दरमहा वेगळ्या खात्यात टाकून पाहावी. एकदाही त्या खात्याला हात लावावा लागला, तर हप्त्याची रक्कम जास्त आहे असे समजावे. साठलेली रक्कम आपत्कालीन निधीत जमा होतेच.*

टप्पा ३ : बँकेचे मंजुरीपत्र

फ्लॅट पाहायला जाण्यापूर्वी सिबिल अहवाल काढावा, क्रेडिट कार्डावरील हप्ते आणि दुचाकीचे कर्ज फेडून टाकावे, आणि दोन-तीन बँकांकडून आपल्या उत्पन्नावर मिळू शकणाऱ्या कर्जाचे मंजुरीपत्र घ्यावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, त्यामुळे तेच घेणे सोयीचे ठरते.

बँक कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा जोडू पाहते आणि तो हप्ता कर्जातच मिळवते. त्याऐवजी कर्जाच्या रकमेएवढा टर्म विमा स्वतंत्रपणे घ्यावा. कमावत्या मुलाचे किंवा मुलीचे काही बरेवाईट झाले, तर हे कर्ज सहकर्जदार आई-वडिलांच्या अंगावर येते. विम्याचा निर्णय म्हणूनच पहिला हप्ता जाण्यापूर्वी व्हावा.

टप्पा ४ : जागा भाडेकरूच्या नजरेने पाहणे

आपण तिथे राहणार नाही, हे सतत लक्षात ठेवावे. बाल्कनीतून टेकडी दिसते याचे भाडेकरू जास्त पैसे देत नाही. कंपनीची बस थांबते तिथून घर किती मिनिटांवर आहे, याचे देतो. हिंजवडी, खराडी किंवा विमाननगर जे कोणते कामाचे ठिकाण डोळ्यांसमोर असेल, तिथून संध्याकाळी सात वाजता स्वतः निघून फ्लॅटपर्यंत जाऊन पाहावे. रविवारी सकाळचा रस्ता काहीच सांगत नाही.

पाण्याची चौकशी विकणाऱ्याकडे न करता सोसायटीच्या हिशेबात करावी. वार्षिक सभेच्या अहवालातील जमा-खर्चाच्या पानावर ‘पाणी टँकर’ अशी ओळ असते. गेल्या तीन वर्षांची ती रक्कम पाहून सदनिकांच्या संख्येने भागावी. मार्च ते जूनची टँकरची बिले सचिवांकडे मागितली तर बहुतेक ठिकाणी दाखवतात. उपनगरांतील अनेक सोसायट्यांमध्ये मेंटेनन्स दर उन्हाळ्यात का वाढतो, त्याचे उत्तर त्या एका ओळीत मिळते.

नदी-नाल्याकाठच्या जागेसाठी निळ्या आणि लाल पूररेषेचा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या रेषांचा, नकाशा पाहावाच. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले, आणि मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील बंगले पाडले गेले. त्या बंगल्यांच्या मालकांकडेही खरेदीचे कागद होते.

*इशारा : बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला ताबा मिळेपर्यंत भाडे नाही, हप्ता किंवा व्याज मात्र सुरू होते, आणि ५ टक्के जीएसटी लागतो. ४५ लाखांच्या आतील आणि पुण्यात ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राच्या घराला तो १ टक्का आहे. घरीच राहत असल्याने ‘ताबा उशिरा मिळाला तरी बिघडत नाही’ असे वाटते, पण उशिराच्या प्रत्येक महिन्याचे भाडे बुडते.*

टप्पा ५ : कागदपत्रे, विसाराआधी

वकील स्वतः शोधावा. बिल्डरने, दलालाने किंवा विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याच्याकडून साधारण तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा यांच्या नोंदींचा शोध अहवाल) घ्यावा, आणि त्याखेरीज काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात.

जुन्या फ्लॅटसाठी सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, हा पहिला कागद आहे. तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. त्यात ‘दस्तऐवज करून देणाऱ्या’ आणि ‘करून घेणाऱ्या’ पक्षकारांची नावे वेगवेगळ्या रकान्यांत असतात. बिल्डरपासून आजच्या विक्रेत्यापर्यंतचे सर्व इंडेक्स टू तारखेनुसार ओळीने मांडावेत. पहिल्यातील घेणारा हाच दुसऱ्यातील देणारा असला पाहिजे. मध्ये नाव बदलले, एखादे नाव गळले किंवा दोन सहमालकांपैकी एकानेच सही केलेली दिसली, तर तिथेच थांबावे. मूळ मालक वारला असेल तर सर्व वारसांची नावे हवीत. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदवलेले नसणे, ही नेहमी आढळणारी उणीव आहे. त्याच कागदावरील सदनिका क्रमांक, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ हे वीजबिल, मालमत्ता कराची पावती आणि भागप्रमाणपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) यांच्याशी ताडून पाहावे.

त्यानंतर महापालिकेचे भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, आणि मंजूर नकाशा. भोगवटा पत्र संपूर्ण इमारतीचे आहे की काही मजल्यांचेच, हे वाचावे. वरचे दोन मजले वाढवलेले असतील तर भोगवटा पत्रात ते नसतात. सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झाले आहे का, हेही विचारावे. इमारत जुनी असेल तर पुनर्विकासाच्या वेळी सारा प्रश्न त्यावरच येतो. विक्रेत्याचे कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून थकीत रकमेचे आणि ताब्यातील मूळ कागदांच्या यादीचे पत्र मागावे.

नव्या प्रकल्पासाठी महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प उघडून पूर्णत्वाची मूळ आणि सुधारित तारीख, जमिनीवरील बोजा, चालू दावे आणि मंजूर मजल्यांची संख्या पाहावी. माहितीपत्रकात बावीस मजले आणि मंजुरी चौदा मजल्यांची, असे आढळले आणि तुमचा फ्लॅट अठराव्या मजल्यावर असेल, तर पुढचे पान उघडण्याची गरज नाही.

शहराच्या कडेला, विशेषतः महापालिकेत २०१७ साली आलेल्या ११ आणि २०२१ साली आलेल्या २३ गावांच्या भागात, गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर परवानगीविना उभ्या राहिलेल्या इमारतींतील फ्लॅट स्वस्त मिळतात आणि पहिल्यांदा घेणाऱ्याचे लक्ष किमतीवरच जाते. मोठ्या बँकांनी कर्ज नाकारले आणि एखादी पतसंस्था जास्त व्याजाने द्यायला तयार झाली, तर बँकांचा नकार हाच निकाल समजावा.

*इशारा : विकणारा परदेशात राहणारा भारतीय असेल तर खरेदीदाराने कापावयाचा कर नेहमीच्या १ टक्क्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि न कापल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते. पुण्यात असे विक्रेते बरेच आहेत. हे विचारल्याशिवाय विसाराची बोलणी करू नयेत.*

टप्पा ६ : विसार आणि साठेखत (खरेदीखतापूर्वीचा विक्रीचा करार)

आता विसार द्यावा, तोही चेकने किंवा बँकेतून आणि विसारपावती घेऊन. पावतीत एकूण किंमत, मुदत, आणि ‘कागदपत्रांत दोष आढळल्यास किंवा बँकेने या मालमत्तेवर कर्ज नाकारल्यास विसार परत’ हे वाक्य असावे. या वाक्याला नकार देणाऱ्याशी व्यवहार न केलेला बरा. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि हरकतींची मुदत संपेपर्यंत थांबावे.

बिल्डरला नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. व्यवहारातील काही भाग रोखीने मागितला तर स्पष्ट नाही म्हणावे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारण्यास बंदी आहे, आणि दस्तातील किंमत शासकीय बाजारमूल्यापेक्षा (रेडी रेकनर दरापेक्षा) १० टक्क्यांहून अधिक कमी दाखवली तर फरकाची रक्कम खरेदीदाराचे उत्पन्न धरली जाऊ शकते.

टप्पा ७ : दस्तनोंदणी आणि नंतरची कामे

हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी दस्ताचा मसुदा आई-वडिलांसह सर्व खरेदीदारांनी एकत्र वाचावा. नावांचे स्पेलिंग आधार आणि पॅनप्रमाणे, पार्किंगचा क्रमांक आणि टप्पा १ मध्ये ठरलेले मालकीचे हिस्से दस्तात आलेच पाहिजेत. हिस्से लिहिले नाहीत तर नंतर भाड्याच्या उत्पन्नाची करविवरणपत्रातील विभागणीही वादग्रस्त होते.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का कर कापून, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांच्या आत विक्रेत्याच्या पॅनवर भरायचा असतो. हे काम बँकही करत नाही आणि दलालही करत नाही, त्यामुळे ते राहून जाते.

नोंदणीनंतर भागप्रमाणपत्र, वीजमीटर आणि मालमत्ता कराची नोंद आपल्या नावावर करून घ्यावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेला हस्तांतरणासाठी २५ हजारांपेक्षा जास्त अधिमूल्य घेता येत नाही. ‘विकासनिधी’ किंवा ‘देणगी’ या नावाने जास्त मागितले तर लेखी मागावे.

टप्पा ८ : भाडेकरू आणि भाडेकरार

ओळखीचा भाडेकरू असला तरी लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरीसमोर केलेला करार पुरत नाही. खर्चही फार नाही : एकूण भाडे आणि परत करावयाच्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराचे मानीव व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. १८ हजार भाडे आणि ५० हजार अनामत असेल तर अकरा महिन्यांच्या कराराला दोन्ही मिळून सुमारे दीड हजार रुपये होतात. घरी येऊन अंगठे घेणारे लोक त्यावर आपले शुल्क लावतात.

करार झाल्यावर पुणे पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्यावी आणि त्याची प्रत सोसायटीला द्यावी. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, त्यामुळे पहिल्या बिलात तो आकडा पाहावा. चावी देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे, नळांचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढून भाडेकरूला पाठवावेत, आणि त्याने ‘मिळाले’ असे उत्तर दिल्यावरच चावी द्यावी. करार संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचे विचारावे, म्हणजे हिशेबात धरलेल्या एका महिन्यापेक्षा जास्त काळ फ्लॅट रिकामा राहत नाही.